व्हॅनमधला ओढता पलंग: दिवसा बाक, रात्री साडेतीन फुटी अंथरूण

व्हॅनमधल्या घडीच्या पलंगाची परीक्षा रात्री होते. बाहेर पाऊस, आत दोन माणसं, चार पिशव्या, एक ओली छत्री, आणि पलंग लावण्याआधी हे सगळं उचलून पुढच्या सीटवर नेऊन ठेवायचं. असा पलंग एक-दोन सहलींत वापरला जातो, मग लोक बसल्या जागीच मान टाकून झोपू लागतात. म्हणून इथे सगळा विचार एका अटीवर केला आहे: सामान न हलवता, एका ओढीत पलंग तयार झाला पाहिजे आणि सकाळी एका ढकलण्यात त्याचा बाक झाला पाहिजे.

बिजागऱ्या, घड्या आणि सुटे पाय जितके जास्त, तितक्या गोष्टी खडखडतात, गंजतात आणि ऐन वेळी अडकतात. इथल्या रचनेत एकही बिजागरी नाही.

आधी कायद्याचं

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सुताराला बोलावण्याआधी वाचा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार, आरसीमधले (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रातले) तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे पडतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते, त्यामुळे मागच्या सीट कायमच्या काढून तिथे पलंग बसवणं हा निव्वळ सुतारकामाचा विषय राहत नाही. आपल्या आरटीओ कार्यालयात आधी विचारा, उत्तर लेखी घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. विमेदाराने न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येऊ शकतो.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या विषयाकडे लोकांचं लक्ष वाढलं आहे. पण धोरण आलं म्हणून घरच्या गाडीत वाटेल ते करायला मोकळीक मिळालेली नाही. मोटार कॅराव्हॅन हा वाहनाचा वेगळा प्रकार आहे आणि त्याला वेगळी मान्यता लागते.

दुसरी गोष्ट माणसांच्या जिवाची. हा बाक गाडी उभी असताना बसण्यासाठी आहे. तो भिंतीला समांतर असतो, त्याला सीट बेल्ट नसतो. गाडी धावत असताना त्यावर कोणी बसायचं नाही, मुलांनी तर मुळीच नाही. प्रवासी बसतील ते कंपनीच्या, बेल्ट असलेल्या सीटवर. मागच्या सीट काढल्या असतील तर गाडीत माणसं दोनच.

कोणता प्रकार निवडायचा

ढोबळ मानाने तीन पद्धती दिसतात. पहिलीत समोरासमोर दोन बाक आणि मधे टेबल असतं. रात्री टेबल खाली उतरवून बाकांच्या पातळीवर बसवायचं आणि वर गाद्या पसरायच्या. मोठ्या ट्रॅव्हलरमध्ये ही रचना छान वाटते, पण टेबलावरचं सगळं आवरल्याशिवाय झोपता येत नाही. दुसरी जुन्या युरोपीय कॅम्परमधली: सीट पुढे ओढली की पाठ मागे आडवी होते. तिला मजबूत, अचूक बिजागऱ्या लागतात. त्या तयार मिळाल्या नाहीत तर वेल्डरकडून बनवून घ्याव्या लागतात आणि अर्ध्या सुताचा, म्हणजे दीड मिमीचा, फरकही पुढे त्रास देतो.

तिसरी पद्धत पट्ट्यांची. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे लाकडी पट्ट्यांचे दोन संच एकमेकांत बसलेले असतात. एक संच जागेवर पक्का, दुसरा ओढला की बाहेर सरकतो. बाकाची पाठ म्हणून उभी असलेली गादी आडवी टाकली की पलंग पूर्ण. गल्लीतला कुठलाही सुतार हे काम करू शकतो, बिघडलं तर गावोगावी दुरुस्त होतं आणि पट्ट्यांमधून हवा खेळत असल्यामुळे गादी खालून ओली होत नाही. आपल्याकडचा पावसाळा पाहता हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. सलग प्लायवर ठेवलेल्या गादीखाली घामाची आणि श्वासाची वाफ गार होऊन पाणी साचतं. कोकणात जुलैमध्ये चार रात्री काढल्या तर गादीच्या पोटाला बुरशीचे ठिपके दिसू लागतात.

पुढचं सगळं या तिसऱ्या पद्धतीचं.

मोजमाप: गाडीचं आणि माणसाचं

ईको, विंगर, ट्रॅव्हलर, गाडी कोणतीही असो, कंपनीच्या पत्रकातली मापं इथे कामाची नाहीत. ईकोची बाहेरची रुंदी १४७५ मिमी आहे, पण आत जमिनीवर, चाकाच्या कमानीपाशी, खिडकीच्या रेषेत आणि छताजवळ चार वेगळी मापं निघतात. टेप घेऊन आत बसा आणि चारही लिहून काढा. लांबी मोजताना ड्रायव्हरची सीट तुम्हाला गाडी चालवताना लागते तिथेच ठेवा. मागचं दार बंद करून मोजा, कारण दाराच्या आतला फुगवटा इंचभर जागा खातो.

आता छत. बाकाची उंची ठरवताना आपण घरातल्या खुर्चीचा विचार करतो, तेच चुकतं. कमी उंचीच्या व्हॅनमध्ये बाकाची उंची छत ठरवतं. घरी एका कडक स्टुलावर ताठ बसा आणि बसायच्या पातळीपासून डोक्यापर्यंतचं माप दुसऱ्याकडून घ्या. साधारण पावणेसहा फुटी माणसाचं हे माप ९०० मिमीच्या आसपास भरतं. डोक्यावर किमान ३० मिमी मोकळे हवेत. समजा गाडीत जमिनीपासून छतापर्यंत १२५० मिमी मिळाले, तर १२५० वजा ९३० म्हणजे ३२० मिमी. दबलेल्या गादीचा वरचा भाग यापेक्षा उंच गेला की डोकं छताला लागणार. चार इंची गादी बसल्यावर साधारण ७० मिमी उरते असं धरलं तर पट्ट्यांची वरची पातळी जमिनीपासून २५० मिमीवर येते. हे ठेंगणं वाटतं, पण पाय पुढे पसरून बसलं की आरामात तास-दोन तास बसवतं. उभं राहता येईल अशा उंच गाडीत हा प्रश्नच नाही. तिथे गादीसकट ४५० मिमी ठेवा.

कागदावरच्या हिशेबावर थांबू नका. गाडीत विटा किंवा वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचून त्या उंचीवर दहा मिनिटं बसून पाहा. घराच्या फरशीवर खडूने गाडीच्या तळाची आकृती काढा, चाकाच्या कमानी दाखवा, आणि बाक व पलंग दोन्ही आखून त्यात झोपा. कूस बदला. दोघं झोपणार असाल तर दोघांनी. ज्या गोष्टी नंतर करवत लावून सुधाराव्या लागल्या असत्या, त्या इथे ओल्या फडक्याने पुसता येतात.

बाक कोणत्या बाजूला? आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लागते, माणसं डावीकडे उतरतात. म्हणून बाक उजव्या भिंतीला, ड्रायव्हरच्या मागे. डावं सरकतं दार मोकळं राहतं आणि दारात उभं राहून पलंग आपल्याकडे ओढता येतो.

सगळ्या रचनेचा गाभा: एक सूत्र

इथे थोडं थांबून आकडे नीट बघा, कारण उरलेलं काम यातून आपोआप ठरतं.

बाकाची खोली, म्हणजे भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंतचं अंतर, दोन फूट म्हणजे ६१० मिमी धरू. पक्क्या चौकटीला दोन लांब पट्टे आहेत, प्रत्येकी ४० मिमी रुंद: मागचा भिंतीला लागून, पुढचा ५३० ते ५७० मिमीवर. त्याच्यापुढे आणखी एक ४० मिमीचा पट्टा आहे, तो सरकत्या संचाचा, पाय असलेला. बाक बंद असताना तो पुढच्या पक्क्या पट्ट्याला चिकटून उभा असतो.

पक्क्या पट्ट्या ५७० मिमी लांब, मागच्या आणि पुढच्या पट्ट्यावर स्क्रूने बसवलेल्या. सरकत्या पट्ट्या ६१० मिमी लांब. त्या फक्त पाय असलेल्या पट्ट्याला जोडलेल्या असतात, बाकीची लांबी पक्क्या पट्ट्यांच्या फटींतून मागे गेलेली असते. सरकत्या पट्ट्यांच्या मागच्या टोकापासून ४० मिमी सोडून, खालच्या अंगाने, ४० मिमी रुंद आणि २० मिमी जाड अशी एक आडवी बांधणी सगळ्या पट्ट्यांना जोडते. हिला आपण अडसर म्हणू.

अडसराची तीन कामं आहेत. सरकत्या पट्ट्या समांतर ठेवणं हे पहिलं. ओढताना तो पुढच्या पक्क्या पट्ट्याला आतून टेकतो, त्यामुळे पलंग किती बाहेर यावा ते ठरतं आणि संच निसटून पडत नाही. ढकलताना तो मागच्या पट्ट्याला टेकतो आणि बाक बंद झाल्याचं कळतं. शिवाय तो पक्क्या पट्ट्यांच्या खाली असल्यामुळे कोणी बाहेरच्या कडेवर बसलं तरी आतलं टोक वर उचकत नाही.

या मापांत पलंग ४५० मिमी बाहेर येतो. ६१० अधिक ४५० म्हणजे १०६० मिमी, जवळजवळ साडेतीन फूट. सूत्र असं मांडता येतं: पलंगाची रुंदी म्हणजे बाकाच्या खोलीची दुप्पट वजा १६० मिमी. चार फूट रुंदी हवी असेल तर बाक ६९० मिमी खोल करावा लागेल.

गाद्याही यातूनच मिळतात. बसायची गादी ६१० मिमी रुंद, पाठीची ४५० मिमी उंच. रात्री दोन्ही शेजारी टाकल्या की बरोबर १०६०. दिवसा पाठीची गादी बसायच्या गादीवर उभी राहते, तिची चार इंच जाडी वजा जाऊन बसायला ५१० मिमी उरतात. गुडघ्यामागे कड न टोचता पाठ टेकायला हे माप चांगलं पडतं. बाक ६९० चा केला तर मात्र बसायला खूप खोल होतो. तेव्हा पाठीमागे एक लोड किंवा उशी हवी.

लांबी पट्ट्यांच्या संख्येवर ठरते. पट्टी ६० मिमी रुंद, दोन पक्क्या पट्ट्यांमधली फट ६६ मिमी, म्हणजे सरकत्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी मोकळे. सुताराच्या भाषेत एक सूत. १५ पक्क्या आणि १४ सरकत्या पट्ट्या घेतल्या की लांबी १८२४ मिमी होते, सहा फुटांना जेमतेम कमी. तेवढी जागा नसेल तर दोन्ही संचांतली एकेक पट्टी कमी करा, लांबी १२६ मिमीने घटते. १६९८ मिमी लांबीच्या पलंगावरही एकटा माणूस तिरका झोपला तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन मीटर मिळतात.

साहित्य आणि वजन

पट्ट्यांसाठी पाइनवुड २५ मिमी जाड घ्या. आडव्या गाठी असलेली पट्टी बाजूला काढा, ती गाठीपाशीच मोडते. २० मिमीची पट्टी झोपताना पुरते, पण माणूस पलंगावर गुडघा टेकून वर चढतो तेव्हा जवळजवळ सगळं वजन दोन पट्ट्यांच्या मधोमध येतं. जाडी त्या क्षणासाठी लागते. सागवान असेल तर २० मिमी चालेल. प्लायमधून कापणार असाल तर १८ मिमी, आयएस ७१० शिक्क्याचा मरीन, आणि वरच्या थराचा रेषा पट्टीच्या लांबीच्या दिशेने राहील असा कापा. आडव्या रेषांची पट्टी कमजोर पडते.

लांब पट्टे ४० गुणिले ६० मिमी लाकडाचे, उभे बसवलेले. खालच्या आडव्या फळ्या १२ मिमी प्लायच्या, चार पुरतात, साधारण दोन फुटांच्या अंतराने. लोखंडी चौकट करायची असेल तर २५ मिमीचा चौकोनी पाइप, १.६ मिमी जाडीचा, मीटरला सव्वा किलोच्या आतच भरतो. ताकद उत्तम, पण वेल्डिंगनंतर आतून गंज लागतो आणि लाकडाइतका तो नंतर सहज कमी-जास्त करता येत नाही. माझं मत लाकडाच्या बाजूने आहे.

वजनाकडे लक्ष ठेवा. वरच्या मापांत गाद्यांसकट सगळं मिळून ४० किलोच्या आसपास बसतं. १८ मिमी प्लायचा आठ बाय चारचा एकच ताव ३५ किलोपर्यंत जातो. सगळ्या बाजूंनी बंद पेटी करायला असे दोन ताव लागतात. लहान व्हॅनमध्ये पाणी, शेगडी, सामान आणि माणसं मिळून ठरलेल्या भाराला पोचायला वेळ लागत नाही. घाटात ब्रेकवर हा प्रत्येक किलो जाणवतो.

बांधणी

आधी गाडीचा तळ सपाट करून घ्या. पत्र्याला नागमोडी वळ्या असतात, सरकत्या पायांना त्यावर चालता येत नाही. १२ मिमी प्लाय टाकून वर विनाइलची चटई चिकटवली की झालं. ही जाडी मघाशी मोजलेल्या उंचीतून वजा करायला विसरू नका.

चार आडव्या फळ्या कापा, प्रत्येक ५७० मिमी लांब. दोन्ही वरच्या कोपऱ्यांत ४० मिमी रुंद खाच पाडा, तिच्यात लांब पट्टे बसतील. खाच ३५ मिमी खोल असली की ६० मिमीचा पट्टा फळीच्या माथ्यावर २५ मिमी उंच उरतो. हे २५ मिमी फार महत्त्वाचे आहेत. २० मिमी जाडीचा अडसर या पोकळीतून फळ्यांवरून सरकत जातो. सुताराला हे आधी दाखवलं नाही तर तो फळी पट्ट्यांना भिडवून देईल, कारण त्याच्या नजरेने तेच मजबूत काम आहे, आणि मग पलंग मुळीच उघडणार नाही.

चौकट जोडल्यावर कोपरे गुण्याने तपासा, मग दोन्ही कर्ण मोजा. दोन कर्णांत दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरकी आहे. स्क्रू सैल करून आत्ताच सरळ करा. तिरक्या चौकटीत पट्ट्या एका टोकाला मोकळ्या सरकतात आणि दुसऱ्या टोकाला घासतात.

आता पक्क्या पट्ट्या. प्रत्येक वेळी टेपने मोजू नका, चूक साठत जाते. ६६ मिमी रुंदीचा लाकडी ठोकळा कापून घ्या. पहिली पट्टी कडेला बसवा, ठोकळा लावा, दुसरी बसवा, ठोकळा पुढे सरकवा. प्रत्येक टोकाला दोन स्क्रू, आधी बारीक भोक पाडून, आणि डोकं लाकडात बुडेल इतकी वाटी करून. नुसता स्क्रू मारला तर पाइनची पट्टी टोकाला चिरते.

सरकता संच पक्क्या संचाच्या आतच जुळवा. सरकत्या पट्ट्या फटींत ठेवा, दोन्ही बाजूंना तीन मिमीच्या पुठ्ठ्याचे तुकडे घाला, समोर पाय असलेला पट्टा लावा आणि वरून स्क्रू मारा. मग चौकट खालून उघडी असतानाच अडसर जोडा. अडसर एकदा बसला की संच बाहेर काढता येत नाही. म्हणून तो फेविकॉलने चिकटवू नका, स्क्रूवरच ठेवा. पुढे पट्टी बदलायची वेळ आली तर उपयोग होतो.

पाय तीन: दोन टोकांना, एक मधे. तळाला नायलॉनच्या टोप्या ठोका. पायांची उंची अशी ठेवा की पलंग बाहेर असताना सरकत्या पट्ट्या पक्क्या पट्ट्यांच्या पातळीत राहतील. मिमीभर जास्त चालेल, कमी नको. कमी झाली तर बाहेर झोपणारा रात्रभर खाली घरंगळतो.

मग रेतीकागद. सरकत्या पट्ट्यांच्या चारही कडा गोल करा, टोकं विशेष. दोन हात पॉलिश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा लेप) लावा, पण फटीच्या बाजूंना पातळ, नाहीतर ठेवलेली मोकळीक रंगच खाऊन टाकेल. सुकल्यावर त्याच बाजूंना साधी मेणबत्ती घासा. तेल किंवा ग्रीस नको, धूळ धरून ते काळं होतं आणि गादीला लागतं.

शेवटी दोन टॉवर बोल्ट, सरकत्या पट्ट्यावरून पक्क्या पट्ट्यात जाणारे. यांच्याशिवाय गाडी हलवायची नाही. बाक उजव्या भिंतीला असल्यामुळे उजवं वळण घेताना सरकता संच आपल्या वजनाने डावीकडे उघडायला बघतो. आंबोली किंवा वरंधा उतरताना अशी वळणं एकामागून एक येतात.

गाडीला धरून ठेवणं

४० किलोची वस्तू ब्रेक मारल्यावर जागेवर राहील असं गृहीत धरू नका. समोरासमोर धडक बसते तेव्हा तिचा जोर वजनाच्या वीसपट होऊ शकतो, म्हणजे आठशे किलो, तोही थेट ड्रायव्हरच्या पाठीवर. स्क्रूने तळाच्या प्लायला बाक जोडला आणि प्लाय नुसता पसरून ठेवला तर त्याला काही अर्थ नाही.

कंपनीच्या सीटच्या बोल्टची भोकं मोकळी असतील तर तीच वापरा, गाडीत सगळ्यांत मजबूत जागा त्याच आहेत. नवीन भोक पाडावंच लागलं तर आधी गाडीखाली जाऊन पाहा: इंधनाची टाकी, ब्रेकची नळी, तारा कुठून गेल्या आहेत. एम८ चे बोल्ट, ८.८ खुणेचे, आणि पत्र्याखाली साध्या वायसरऐवजी तळहाताएवढी लोखंडी पट्टी. बोल्ट तुटत नाही, पत्रा फाटून तो उपटून येतो. पट्टी ते रोखते. भोकाच्या कडांना प्रायमर लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथून गंज पसरतो.

सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरला बाकाखाली कोंडू नका. त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात सहज गेला पाहिजे आणि दर तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टसाठी (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीसाठी) सिलिंडर बाहेर काढता आला पाहिजे. बाक दोन तुकड्यांत करून मधे बोल्टने जोडला तर एक तुकडा सोडवून काम भागतं.

गादी

फोमवाल्याकडे नुसतं चार इंच म्हणून मागू नका. खाली दोन इंच रिबॉन्ड (फोमचे तुकडे दाबून केलेला थर) आणि वर दोन इंच ४० डेन्सिटीचा एचआर (चांगली उसळी असलेला) फोम, दोन्ही चिकटवून. रिबॉन्ड कडक असतो, त्यामुळे ६६ मिमीच्या फटी पाठीला जाणवत नाहीत. वरचा थर मऊपणा देतो. एकच थर मऊ फोमचा घेतला तर पट्टी न पट्टी मोजता येते. बसायची गादी लांबीत दोन तुकड्यांत करा. खालचं सामान काढताना अर्धीच उचलावी लागते.

खोळीला रेक्झिन टाळा. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत ते तापतं, घामाने चिकटतं आणि गादीला श्वास घेऊ देत नाही. जाड सुती कॅनव्हास बरा; शिवण्याआधी एकदा भिजवून आटवून घ्या. गादीच्या खालच्या अंगाला जाळीचं कापड लावा. चेन लांब बाजूला हवी, म्हणजे खोळ धुवायला निघते आणि परत चढतेही. घरातली जुनी कापसाची गादी पिंजून, नव्याने भरून वापरणारेही आहेत. झोपायला ती सुखाची, पण पाठ म्हणून उभी राहत नाही आणि दमट हवेत जड होते.

पाठीची गादी दिवसा पुढे कलंडू नये म्हणून तिच्या मागे वरच्या कडेला दोन पट्टे शिवा आणि खिडकीच्या खालच्या आधाराला अडकवा. तळाशी ती भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवली तर माथा मागे कलतो आणि पाठीला बरं वाटतं.

पहिली रात्र घराजवळ

पहिला मुक्काम घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात करा. गाडी शक्य तितक्या सपाट जागी लावा. थोडा उतार असेलच तर डोकं चढाकडे. पलंग ओढताना लहान मुलांची बोटं पट्ट्यांपासून लांब ठेवा, बंद होताना त्या कात्रीसारख्या मिटतात. गाद्या वर असताना धोका कमी असतो, म्हणून मुलं आसपास असली की गाद्या काढून खेळ नको.

दोन बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवा आणि त्यांना डासांची जाळी लावा. काचा पूर्ण बंद ठेवून दोन माणसं झोपली तर पहाटे काचांवरून पाणी ओघळतं. आत शेगडी पेटवून किंवा इंजिन चालू ठेवून झोपणं जीवघेणं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. चहा दाराबाहेर करायचा, पाऊस असला तर मागचं दार वर करून त्याच्या आडोशाला, गाडीपासून हातभर लांब.

सकाळी गाद्या लगेच मिटवू नका. पाठीची गादी उभी करून पट्ट्या अर्धा तास उघड्या राहू द्या.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा आवळा, कारण नवं लाकूड दबतं आणि बोल्ट सैल पडतात. पावसाळ्यात एखादी पट्टी फुगून घासू लागली तर कुठे घासते ते लाकडावर चकाकी आलेल्या जागेवरून ओळखू येतं. तेवढ्याच जागी रंधा फिरवा, मेण लावा. सगळ्या फटी सरसकट वाढवू नका. नोव्हेंबरमध्ये लाकूड आटलं की त्याच पट्ट्या खडखडू लागतील.